टेम्पोचं भाडं

ओढा साफ करायच्या कामात सगळ्यात महाग काय असतं, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणभरही न थांबता सांगेन: टेम्पो. हातमोजे स्वस्त असतात, गोणी त्याहून स्वस्त. घमेली-फावडी एकदा घेतली की चार वर्षं टिकतात, चोरीला गेली नाहीत तर. चहा-पोह्यांचं कुणी ना कुणी बघतं. पण तीस-चाळीस माणसांनी रविवारी सकाळी वाकवाकून जे पाण्यातून बाहेर काढलं, ते तिथून हलवणार कोण? भरलेल्या गोण्या काठावर रचायच्या, त्यांच्यामागे उभं राहून फोटो काढायचा आणि ‘उद्या गाडी येईल’ म्हणून घरी जायचं, ही पद्धत मी खूप जवळून पाहिली आहे. उद्या गाडी येत नाही. परवापर्यंत कुत्र्यांनी आणि गाईंनी गोण्या फाडलेल्या असतात. मग मे महिन्यातला एखादा वळीव कोसळतो आणि निम्मा माल जिथून काढला तिथे परत जातो. म्हणून अर्ज हातात आला की मी आधी शेवटचं पान उघडते. तिथे ‘छोटा हत्ती, दोन फेऱ्या’ असं लिहिलेलं दिसलं की हा गट पूर्वी कधीतरी पोळलेला आहे हे कळतं, आणि बाकीचा अर्ज मी जरा आदराने वाचते.

पुण्यातल्या एका छोट्या कौटुंबिक न्यासात मी हिशेब बघते आणि त्याच्या जोडीला लघुनिधीचं एक खातं सांभाळते. ओढे, नाले, नदीचे छोटे टप्पे हौसेने साफ करणाऱ्या गटांना वर्षाला १५ ते ४० हजार रुपये देणारं हे खातं. घेणारे कोण? सोसायट्यांमधले निवृत्त लोक, एनएसएसची मुलं, पक्षी बघायला गेले आणि कचराच बघून आले अशी मंडळी, शिवाय एक जिमवाल्यांचा गट. ओल्या गाद्या उचलायला तो फार उपयोगी. त्यांच्या वाट्याचं पाणी म्हणजे रामनदी, देवनदी, आंबिल ओढा, नागझरी. रामनदी भूगावच्या पलीकडच्या डोंगरांतून निघते, बावधन, पाषाण तलाव, बाणेर करत औंधपाशी मुळेला मिळते. तिच्या काठावर राहणाऱ्या कितीतरी लोकांना ती नदी आहे हेच माहीत नसतं. मुळा-मुठेचं तसं नाही. त्यांच्यासाठी ४४ किलोमीटरचा नदीकाठ विकास प्रकल्प आहे, अंदाजित खर्च ४,७०० कोटींच्या घरात, आणि मार्च २०२२ मध्ये त्याचं भूमिपूजन खुद्द पंतप्रधानांनी केलं. त्या आकड्याशेजारी आमचे ४० हजार कुणी लिहिणारसुद्धा नाही. पण रामनदीत पडलेली पिशवी दोन पावसांत मुळेत पोचलेली असते, तेव्हा पाणी तेच.

आमच्याकडे पैसा दोन वाटांनी येतो. एक वाट म्हणजे कुटुंबाच्या ठेवींचं व्याज, ते शहाण्यासारखं वागतं. दुसरी वाट सीएसआरची. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. या पैशाला एक स्वभाव आहे: वर्षभर तो झोपतो आणि फेब्रुवारी सरता सरता दचकून उठतो. ३१ मार्चच्या आत खर्च झाला पाहिजे, बिलं आली पाहिजेत, वापर-प्रमाणपत्र सही करून मिळालं पाहिजे. खरं तर ओढ्यात उतरायचे महिने फेब्रुवारी ते मे. पाणी उतरलेलं असतं, गाळ सुकलेला असतो, काठावर पाय रोवता येतो. पण एप्रिल-मेच्या टेम्पोचं भाडं मार्चमध्ये कसं द्यायचं? मग गट वस्तू घेऊन ठेवतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या तारखांच्या हातमोज्यांच्या पावत्या माझ्या फायलीत इतक्या आहेत, की ते हातमोजे गावातल्या सगळ्या हातांना पुरून उरावेत. टेम्पोवाला मात्र आगाऊ पावती देत नाही. तो म्हणतो, आधी गोण्या दाखवा.

आणि ५ जून. पर्यावरण दिनाला सगळ्यांना कार्यक्रम हवा असतो: टी-शर्ट, टोप्या, फलक, पाहुणे. तोवर आभाळ भरून आलेलं असतं, ओढा कधीही वाहायला लागेल अशी स्थिती असते आणि मुलं निसरड्या काठावर उभी असतात. ५ जूनच्या कार्यक्रमासाठी पैसे देऊ नयेत हे माझं मत न्यासाच्या प्रत्येक बैठकीत मांडलं जातं आणि प्रत्येक बैठकीत फेटाळलं जातं.

छोटं अनुदान द्यायला सोपं असेल असं बाहेरच्याला वाटतं. उलट आहे. एक कोटी रुपये एखाद्या मोठ्या संस्थेला देणं कागदोपत्री सोपं. तिच्याकडे करसवलतीचं १२अ असतं, ८०जी असतं, सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक असतो, लेखापरीक्षक असतो. रविवारी सकाळी सात वाजता जमणाऱ्या दहा जणांकडे फक्त व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्यांच्या नावाचं पॅन नाही, बँकेत खातं नाही. पैसे कुणाच्या तरी बचत खात्यात टाकावे लागतात आणि ज्याच्या खात्यात पडले तो माणूस त्या दिवसापासून बिघडतो. म्हणजे पैसे खातो असं नाही. तो इतका घाबरतो, की वीस रुपयांच्या दोरीचीही पावती मागत फिरतो आणि कामातला त्याचा आनंद संपतो. संस्था नोंदवा म्हणावं तर सोसायटी कायद्याखाली किमान सात माणसं, घटना, धर्मादाय आयुक्तांकडचे फेरे, दरवर्षी लेखापरीक्षण. २५ हजारांसाठी इतकं करायला लावणं मला पटत नाही.

यातून वाट काढली ती गटांनीच. एका गटाने त्यांच्या पेठेतल्या गणेश मंडळाला गाठलं. मंडळ नोंदणीकृत, त्याचा खजिनदार काटेकोर, आणि विसर्जनाच्या निर्माल्याशी मंडळाचा संबंध तसाही होताच. त्यांच्या खात्यातून टेम्पोचे पैसे जाऊ लागले. दुसऱ्या एका वस्तीत महिलांच्या बचत गटाचं खातं होतं. अध्यक्षा म्हणाल्या, ‘पैसे आमच्याकडे ठेवा, पण मग कुठला टप्पा साफ करायचा ते आम्ही ठरवणार.’ त्यांनी निवडलेला टप्पा फोटोला अगदीच बिनकामाचा होता, दोन भिंतींमधला बोळ. पाऊस वाढला की वस्तीत पाणी तिथूनच शिरायचं.

परदेशातला पैसा हा आणखी वेगळा प्रकार. अमेरिकेत स्थायिक झालेले एक गृहस्थ लहानपणी रामनदीत पोहलेले. त्यांना त्याच टप्प्यासाठी पैसे द्यायचे होते. भारतीय पासपोर्ट असता तर अडचण नव्हती. पण नागरिकत्व बदललं की तेच पैसे परदेशी देणगी ठरतात, त्यासाठी एफसीआरए नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तशी नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो पैसा पुढे दुसऱ्या कुणाला देता येत नाही. हे मी त्यांना फोनवर समजावत होते आणि ते पलीकडून ‘पण मी तर बावधनचा’ एवढंच म्हणत होते. हिवाळ्यात ते आले, गमबूट घालून उतरले, गोण्या ओढल्या. त्याला कुठलंही कलम आड येत नाही.

आता किलोंबद्दल. आमच्या अहवालाच्या नमुन्यात एक रकाना होता: ‘एकूण संकलित कचरा (किलो)’. एका देणगीदार कंपनीचा तो आग्रह होता, आणि त्यांच्या वार्षिक अहवालात तो आकडा मोठ्या टाइपात छापला जायचा. रकाना निरुपद्रवी दिसतो, पण माणसं रकान्याच्या दिशेने चालू लागतात. ओढ्यात सगळ्यात जड काय असतं? कापड. जुन्या साड्या, गोधड्या, गाद्या, पडदे. पाणी आणि गाळ प्यायलेली गादी चार माणसांना उचलत नाही. एक गादी म्हणजे वेफर्सची काही हजार पाकिटं. त्यामुळे किलो मागितले की गट गाद्यांच्या मागे जातात, राडारोड्याच्या मागे जातात, आणि मोरीच्या तोंडाशी अडकून पाणी तुंबवणारी, वजनाला शून्य असलेली पाकिटं तशीच राहतात. शिवाय दरवेळी नवा, भरपूर घाणेरडा टप्पा शोधावा लागतो. एकच टप्पा पुन्हापुन्हा साफ केला तर किलो घसरतात आणि अहवालात काम मंदावल्यासारखं दिसतं. ‘जीवितनदी’सारखी मंडळी ‘दत्तक घेऊया नदीकिनारा’ म्हणत वर्षानुवर्षं त्याच त्या किनाऱ्यावर जातात. किलोच्या हिशेबाने त्यांना नापासच करावं लागलं असतं.

समुद्रकिनाऱ्यांच्या बाबतीत ही गोष्ट फार आधी लक्षात आलेली आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर जी स्वच्छता सुरू झाली आणि पुढे जगभर गेली, तिथे स्वयंसेवकांच्या हातात पहिल्यापासून नोंदपत्रक असतं: बाटल्या किती, झाकणं किती, दोर किती. तसंच एक मराठी पत्रक आम्ही केलं. अख्खा ओढा नको, काठावरची वीस पावलं मोजा, दहा मिनिटांत जे दिसेल ते लिहा. पहिल्या-पहिल्यांदा लोक वैतागले. कचरा काय मोजायची गोष्ट आहे? पण एका गटातल्या शिक्षिकेने मुलांना त्यात ओढलं आणि मग जे समोर आलं ते मजेशीर होतं. दुधाच्या पिशव्या फारशा नव्हत्या, त्या भंगारात जातात. पण पिशवीचा कापलेला कोपरा, तो बोटभर तुकडा, जिकडेतिकडे. शाम्पूच्या पुड्या. गुटख्याच्या पुड्या. आणि एका ठरावीक जागेच्या खाली अचानक कागदी कप, इतके, की मुलांनी मोजणं सोडून दिलं. वर पाहिलं तर पुलाच्या कठड्याला लागून चहा-वडापावच्या गाड्या, आणि एकाही गाडीपाशी कचऱ्याचा डबा नाही.

त्या गटाने पुढच्या हप्त्यातून दोन पिंपं घेतली आणि त्या भागातल्या कचरावेचक ताईंशी ठरवून घेतलं. गाडीवाल्यांनी काही आनंदाने होकार दिला नाही. पण रविवारी खाली उतरलेली मुलं वरून कप टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला नाव विचारू लागली, तसा फरक पडला. त्या वर्षी गटाचे किलो निम्म्यावर आले. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्याने फोन करून विचारलं, ‘मॅडम, परफॉर्मन्स का घसरला?’ त्याला मी पुलावर नेलं, चहा पाजला आणि रिकामा कप त्याच्या हातात राहू दिला. रकाना नमुन्यातून गेला नाही, पण त्याच्याखाली दुसरा आला: ‘कचरा कुठून येतो आहे?’

सगळ्यात अवघड पावती आली ती देवांच्या तसबिरींची. दिवाळीच्या आधी घरं आवरली जातात, काचा तडकलेल्या तसबिरी कचऱ्यात टाकवत नाहीत, म्हणून लोक त्या नदीकाठच्या पिंपळाखाली ठेवून जातात. भाव चांगला असतो. पुढच्या पावसात काच पाण्यात आणि मग कुणाच्या तरी तळपायात. एका गटाने ठरवलं, की त्या गोळा करून वेगळ्या करायच्या: काच निराळी, लाकडी पट्ट्या निराळ्या, चित्राचा कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा. पकडी आणि पेचकस घेतले, एका निवृत्त सुताराला मानधन दिलं. पण हात लावायला कुणी धजेना. शेवटी गुरुजींना बोलावून सगळ्या तसबिरींची एकत्र उत्तरपूजा केली आणि मग लोक निःशंक मनाने खिळे उपटू लागले. हिशेबात ओळ आली: ‘गुरुजींची दक्षिणा, रु. ५०१.’ आमचा न्यास धार्मिक कार्याला पैसे देत नाही, तसं घटनेतच आहे. मी ती रक्कम ‘कचरा प्रक्रियापूर्व खर्च’ या शीर्षाखाली दाखवली. लेखापरीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

याच्या उलट, सगळ्यात लहान पावतीवर सगळ्यात मोठा वाद झाला. रक्कम दहा रुपये: माहिती अधिकाराच्या अर्जाची फी. पावसाळ्यात वाहणारा ओढा एप्रिलमध्येही खळखळतो आहे म्हटल्यावर ते पाणी कुणाच्या तरी संडास-मोरीचं असणार, हे कळायला अभियंता लागत नाही. ही पावती देणाऱ्या गटातल्या एका निवृत्त ओव्हरसीअरांनी काठाकाठाने चालत जाऊन कुठली नळी कुठून येते त्याचा नकाशा हाताने काढला आणि अधिकृत ड्रेनेज लाइनचा नकाशा माहिती अधिकारात मागितला. दोन्ही नकाशे शेजारी ठेवल्यावर दिसलं, की कागदावर मुख्य वाहिनीला जोडलेली एक लाइन प्रत्यक्षात एका चेंबरपाशी संपते आणि तिथून सरळ ओढ्यात. आमच्या एका विश्वस्तांचं म्हणणं, ‘आपण स्वच्छतेला पैसे देतो, भांडणाला नाही.’ बैठक लांबली. माझ्या मते त्या वर्षात दिलेल्या एकूण पैशांत ते दहा रुपये सगळ्यात सत्कारणी लागले, आणि मी ते इतिवृत्तात लिहूनही ठेवलं. गोण्या भरणाऱ्या माणसाला ‘हे इथे आलं कुठून’ असं विचारायची बंदी करून अनुदान द्यायचं असेल, तर ते आयुष्यभर देत राहावं लागेल. ती लाइन पुढे जोडली गेली. तिच्या वरच्या अंगाची दुसरी अजून तशीच आहे.

स्वयंसेवा या शब्दाबरोबर येणारा एक ताण मात्र पैशाने सुटत नाही, उलट तिथेच उघडा पडतो. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था त्यातूनच उभी राहिली. या बायकांना कचऱ्यातलं जे कळतं ते आमच्या कुठल्याही गटाला कळत नाही: कुठल्या प्लास्टिकला भाव आहे, कुठली गोणी उघडायचीच नाही, सुई कशी ओळखायची, डायपर कसा उचलायचा. एका गटाने त्यांतल्या दोघींना ‘सहभागी व्हा’ म्हणून निमंत्रण दिलं. त्यांतली एक शांतपणे म्हणाली, ‘तुमचा रविवार असतो ताई, आमचं हे रोजचंच आहे. रविवारी तरी घरी असूदे, नाहीतर हजेरी लावा.’ गटात कुजबुज झाली, की सेवेच्या कामाला पैसे कसले. मला यात कुजबुजण्यासारखं काही दिसत नाही. सात ते दहा कचरा उचलून नंतर आंघोळ करून मिसळ खायला जाणाऱ्याची ती सेवा असते. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्याकडून तेच काम गृहीत धरून करून घेतलं, त्यांच्याकडून फुकटात मागितलं तर त्याला सेवा म्हणणं शोभत नाही. आता आमच्या अंदाजपत्रकात ‘मार्गदर्शक मानधन’ अशी ओळ आहे. त्या दोघी येतात, वर्गीकरण त्यांच्या हुकमाने चालतं आणि गोण्यांतला भाव येणारा माल त्याच नेतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याशिवाय आणि पायावरची जखम झाकल्याशिवाय कुणाला पाण्यात उतरू द्यायचं नाही, हा नियमही त्यांचाच. अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोचं नाव त्यांना माहीत होतं, आमच्या पदवीधरांना नव्हतं.

साफसफाईचा उत्साह झाडांवरही चालतो, हे आणखी एक. पाणकणीस दिसलं की लोक जलपर्णीच समजून उपटतात, काठावरचं वाळुंजाचं रोप झुडूप म्हणून तोडतात, आणि काठ उघडा पडून पुढच्या पावसात ढासळतो. जेसीबी मागणारा अर्ज मी त्यासाठीच बाजूला ठेवते. वनस्पती ओळखणाऱ्या माणसाचा एक सकाळचा खर्च जेसीबीच्या एका तासाच्या आसपास येतो.

सध्या मात्र टेबलावर जाळ्यांचे अर्ज आहेत. ओढ्यावर आडवी जाळी लावायची, तरंगता कचरा तिथेच अडवायचा आणि रोज काढायचा, अशी कल्पना. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. कोरड्या महिन्यांत जाळी चांगलं काम करते यात शंका नाही. पण २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आंबिल ओढ्याकाठचा कुणी विसरलेला नाही; शहर आणि आसपास मिळून वीसहून अधिक माणसं त्या पुरात गेली. तासाभरात ओढा भिंती पाडत येतो, तेव्हा त्याच्या वाटेत कचऱ्याने गच्च भरलेली जाळी असणं म्हणजे आपण पैसे देऊन बांधलेला बंधारा. म्हणून जाळीच्या प्रत्येक अर्जाला मी एकच शेरा मारून परत पाठवते: काढणार कोण, कधी, आणि त्याचा खर्च? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘गटाचे सदस्य श्रमदानाने काढतील.’ मेअखेर निम्मे सदस्य गावी असतात, तेव्हा हे उत्तर मी धरत नाही. यंदा एका गटाने मी विचारायच्या आधीच लिहून पाठवलं: वेल्डर, दोरखंड, दोन मजूर, २५ मेच्या आत, वळवाचा अंदाज आला तर त्याआधी, जाळी ठेवायला मंडळाच्या शेडमध्ये जागा, भाडं नाही, आणि उतरवलेल्या कचऱ्यासाठी छोटा हत्ती, एक फेरी. मंजुरीची शिफारस करून मी तो पुढे पाठवला आहे. बैठक येत्या गुरुवारी आहे, आणि विश्वस्तांपैकी एकजण जाळीवर न्यासाच्या नावाचा फलक कुठे लागणार असं नक्की विचारतील.